दहावी नापास, तेंदूचा हंगाम आणि अडकलेला हप्ता : दक्षिण गडचिरोलीतलं एक प्रकरण

हे प्रकरण २०१९ ते २०२२ या काळातलं. मी त्या प्रकल्पाचा समन्वयक होतो. गावांची नावं दिलेली नाहीत, तालुकाही मोघम ठेवला आहे, माणसांचे तपशील बदलले आहेत. पैसे देणाऱ्यांची नावं मुद्दाम टाळली. खापर फोडायला हे लिहिलेलं नाही, आणि चुका आमच्याही पुष्कळ झाल्या. बंदुकांच्या मध्ये सापडलेल्या मुलांसाठी पैसा कसा येतो, कधी येतो, कुठे अडतो आणि तो अडला की गावात काय होतं, एवढंच मांडायचं आहे.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून वेगळा निघाला. त्याच सुमारास नदीपलीकडच्या आंध्रातून नक्षलवाद्यांची पहिली दलमं, म्हणजे सशस्त्र तुकड्या, या जंगलात शिरली होती. म्हणजे जिल्हा आणि नक्षलवाद बरोबरीनेच वाढले. आम्ही काम करत होतो ती अकरा गावं दक्षिण भागातली, बहुतेक माडिया आदिवासींच्या वस्तीची. चौथीपर्यंत शाळा गावात, पुढे आश्रमशाळा. मूल आश्रमशाळेत असतं तोवर घरच्यांना निदान एवढं ठाऊक असतं की दोन वेळचं जेवण आहे आणि रात्री हजेरी होते. काळजी लागते ती उन्हाळ्याच्या सुटीत, आणि दहावीच्या निकालानंतर.

८ जून २०१९ चा निकाल आमच्या भागात विसरला गेलेला नाही. त्या वर्षी भाषा विषयांचे तोंडी परीक्षेचे गुण काढून टाकले होते. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुण्या-मुंबईत त्यावर चर्चा झाल्या. इकडे, ज्याच्या घरात माडिया बोलतात आणि ज्याला मराठी ही शाळेत गेल्यावर भेटते, त्या पोराला ते वीस गुण म्हणजे काठावरचं झाड होतं. ते तोडलं. अकरा गावांत मिळून सत्तावीस मुलं-मुली नापास होऊन घरी बसली.

घरी बसलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरात बाहेरच्याला काही दिसत नाही. गावाला मात्र दिसतं. त्याला मराठी लिहिता-वाचता येते, थोडं हिंदी कळतं, मोबाईल चालवता येतो. दिवसा पोलिसांची गस्तीची पार्टी गावात आली की प्रश्न कोणाला विचारणार? म्हाताऱ्यांना मराठी येत नाही, म्हणून याला. रात्री ‘आतले’, म्हणजे जंगलातले नक्षलवादी, आले की चिठ्ठी कोणाकडून वाचून घेणार, निरोप कोणाला सांगणार? यालाच. दिवसा खाकीशी बोलला की रात्री तो खबऱ्या. रात्री भाकरी पोचवली की दिवसा तो संघमवाला, म्हणजे नक्षलवाद्यांचा गावातला माणूस. दोन्ही बाजूंना सगळ्यात उपयोगी पडणारा गावातला माणूस म्हणजे दहावी नापास झालेला पोरगा. हे आम्हाला कोणत्या अहवालात सापडलं नाही. एका आश्रमशाळेच्या अधीक्षकांनी चहा पिताना सांगितलं.

बळजबरीनेच नेतात असं नाही. कोणी ठरलेलं लग्न टाळायला जातं, कोणी भावाला उचलल्यावर भीतीने, कोणी गाणी आवडतात म्हणून. २०१९ पर्यंत पूर्वीसारखी भरती राहिलेली नव्हती हेही खरं. पण वापर थांबलेला नव्हता. वापराला गणवेश लागत नाही.

पैसा मागताना आलेली अडचण

त्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीच्या पुराने भामरागडचा रस्ता पुन्हा पुन्हा तुटत होता, आणि आम्ही वीज येईल तेव्हा लॅपटॉपवर प्रस्ताव लिहीत होतो. कल्पना साधी होती. गावागावांत संध्याकाळचं अभ्यासघर. नापास मुलांची जुलैच्या पुरवणी परीक्षेची तयारी, आठवी-नववीतून शाळा सुटलेल्यांचा, बाहेरून दहावीला बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरून घेणं, गावातलाच एक शिकलेला तरुण मानधनावर, आणि एक वेळचं खाणं.

मुंबईतल्या एका मोठ्या संस्थेमार्फत परदेशी निधी मिळण्यासारखा होता. त्या निधीचा विषयच होता ‘सशस्त्र संघर्षातील बालकांचं संरक्षण’. अर्जात पहिलाच प्रश्न : खालील सहा गंभीर उल्लंघनांपैकी तुमच्या भागात कोणती होतात? ही यादी संयुक्त राष्ट्रांची. मुलांना मारणं वा अपंग करणं, सैन्यात वा सशस्त्र गटात घेणं, लैंगिक हिंसा, शाळा-दवाखान्यांवर हल्ले, अपहरण, मदत पोचू न देणं. सुरक्षा परिषदेने १९९९ मध्ये १२६१ क्रमांकाच्या ठरावाने हा विषय पहिल्यांदा स्वतंत्रपणे हाती घेतला आणि २००५ मध्ये १६१२ क्रमांकाच्या ठरावाने अशा घटनांची नोंद ठेवायची यंत्रणा उभी केली. यादी चांगलीच आहे. पण जिथे मूल उचलून नेलं जातं तिथे ती बरोबर बसते. जिथे मूल घराच्या ओसरीवरच दोन्हीकडून वापरलं जातं, तिथे रकाना कुठला भरायचा?

दुसरा पेच शब्दाचा. भारत सरकार इथल्या परिस्थितीला सशस्त्र संघर्ष म्हणत नाही. हा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न आहे अशी अधिकृत भूमिका आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वार्षिक अहवालात भारताचा उल्लेख बरीच वर्षं येत राहिला, त्यावर आपला आक्षेपही राहिला, आणि २०२३ च्या अहवालातून नाव वगळलं गेलं. गंमत अशी की आपल्याच बाल न्याय अधिनियम २०१५ मध्ये, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक कोण, याच्या व्याख्येत सशस्त्र संघर्षाची झळ बसलेलं मूल स्पष्ट शब्दांत आहे. त्याच कायद्याचं कलम ८३ मुलांना भरती करणाऱ्या गटाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड सांगतं. म्हणजे शब्द कायद्यात चालतो, पण तोच शब्द प्रकल्पाच्या नावात घालून तुम्ही परदेशी पैसा आणला तर जिल्ह्याच्या ठिकाणी भुवया उंचावतात. आणि आत जंगलात तो कागद पोचला तर तिसराच अर्थ निघतो.

तिसरी अडचण एक्सेलच्या एका स्तंभात होती : ‘सशस्त्र गटातून मुक्त केलेल्या बालकांची संख्या’. पहिल्या बैठकीत चाळीसचं उद्दिष्ट सुचवलं गेलं. मी विचारलं, आम्ही चाळीस मुलं सोडवून आणली असं छापल्यावर आमचे कार्यकर्ते त्या गावात झोपणार कुठे? फोनवर पलीकडे थोडा वेळ शांतता होती. तो स्तंभ निघाला नाही. आम्ही त्यात शून्य लिहीत राहिलो, आणि दर तिमाहीला शून्य का, याचं स्पष्टीकरण देत राहिलो.

कोणाचा पैसा घ्यायचा

चार वाटा होत्या.

कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी ही पहिली. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळे ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्चावे लागतात. नागपुरातल्या एका कंपनीशी दोन बैठका झाल्या. त्यांना शिक्षण हवं होतं, संघर्ष नको होता, ते आमच्या सोयीचंच. पण त्यांना मार्चअखेर पैसे संपवायचे होते, आणि वर्गखोली रंगवून देणं, बाकं देणं असं दिसणारं काम हवं होतं. आम्हाला हवा होता माणूस. माणसाचं मानधन कोणाला उद्घाटनात दिसत नाही. ती वाट तिथेच राहिली. आज वाटतं, निदान सौरदिवे तरी मागायला हवे होते.

दुसरी वाट पोलिसांच्या जनजागरण मेळाव्यांतून किंवा त्यांच्या नागरी उपक्रमांतून मदत घेण्याची. मदतीची तयारी मनापासून होती, काही अधिकारी खरोखर कळवळ्याचे होते. आम्ही नाही म्हणालो. मुलाच्या पाठीवरचं दप्तर कोणी दिलं हे गावात लपत नाही, आणि त्याची किंमत मूल मोजतं. हा निर्णय आजही बरोबर वाटतो. तो सांगायची पद्धत मात्र चुकली. आम्ही टाळत राहिलो, तोंडावर कारण सांगितलं नाही, आणि वर्षभर संशय ओढवून घेतला.

तिसरी वाट शासनाच्या योजना. बालसंगोपन योजना, वसतिगृहं, गाव बाल संरक्षण समिती. यासाठी पैसा नव्हे, कागद लागतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधार, बँक खातं. एका मुलाच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, त्याच्या तीन भावंडांचीही १ जानेवारी. ही वाट आम्ही सोडली नाही, पण तिच्यावर भिस्तही ठेवली नाही.

चौथी, परदेशी निधीची. रक्कम पुरेशी, दोन वर्षांची, मानधनाला परवानगी. तीच घेतली. पाचवी वाट, गावाचा स्वतःचा पैसा, तेव्हा आमच्या डोक्यातही आली नव्हती. तो दोष आमचा. वन हक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांमुळे यातल्या कित्येक ग्रामसभा स्वतः तेंदूचा, म्हणजे बिडीच्या पानांचा, लिलाव करत होत्या, आणि आम्ही मात्र त्यांना लाभार्थी समजत होतो.

सुरुवात, फलक आणि वही

प्रकल्पाचं नाव आम्ही ‘अभ्यासघर’ एवढंच ठेवलं. पहिला हप्ता फेब्रुवारी २०२० मध्ये आला. प्रस्ताव सप्टेंबरचा, पैसे फेब्रुवारीत. जुलै २०१९ ची पुरवणी परीक्षा तर प्रस्तावाआधीच होऊन गेली होती.

नियमाप्रमाणे प्रत्येक केंद्रावर देणगीदारांच्या चिन्हांचा पत्र्याचा फलक लावायचा होता, चार फूट बाय तीन. आम्ही वाद घालायला कंटाळलो आणि फोटोपुरता लावून काढून घेतला. तेवढ्यानेही आठवड्यात आतून निरोप आला : हे कोणाचे पैसे आहेत? आमचा कार्यकर्ता, गावातलाच चोवीस वर्षांचा पोरगा, त्याला बोलावणं आलं. तो गेला, तीन तास बसून आला, दोन दिवस जेवला नाही. फोटोपुरतं हा आपला शहरी शब्द आहे. गावात एकदा लागलेला फलक लागलेलाच असतो. पुढे त्यातले दोन फलक उलटे करून, काळा रंग मारून, फळा म्हणून वापरात आले.

वहीचा प्रश्न यापेक्षा महत्त्वाचा ठरला. देणगीदाराला ‘जोखमीतल्या मुलांची यादी’ हवी होती : नाव, वय, वडिलांचं नाव, गाव, जोखमीचं कारण, फोटो. मी निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन एका गावच्या पाटलांच्या ओसरीवर बसलो होतो. त्यांनी वही हातात घेतली, उघडली, वाचता येत नसताना पानभर पाहिली आणि परत दिली.

“लेकरायचे नाव लिवू नका, सर. कागद फिरते. आज तुमच्याजवळ हाय, उद्या कोनाजवळ राहीन, तुमी सांगू शकता का?”

मला सांगता आलं नाही. जोखमीतल्या मुलांची यादी म्हणजे दोन्ही बाजूंना हवी असलेली यादी, आणि ती आम्ही आमच्या हाताने, सुवाच्य अक्षरात तयार करून देणार होतो.

त्या रात्री निर्णय झाला. अशी यादी करायचीच नाही. अभ्यासघर गावातल्या आठवी ते दहावीच्या वयाच्या सगळ्यांसाठी उघडं, हजेरीपटावर सगळ्यांच्या सह्या, कोणावर खूण नाही. ज्या मुलाबाबत वेगळं काही करावं लागेल त्याला गावाचा आकडा आणि एक अक्षर, बाकी काही नाही. आकडे कोणत्या गावाचे, हे वडशाच्या घरातल्या ट्रंकेत एका कागदावर. मुंबईच्या संस्थेतल्या बाईंनी हे समजून घेतलं. त्यांच्या लेखापरीक्षकाने घेतलं नाही. त्याच्या दृष्टीने नाव नसलेला लाभार्थी म्हणजे नसलेला लाभार्थी. शेवटी बाल न्याय कायद्याचं कलम ७४, मुलाची ओळख उघड करण्यावर बंदी घालणारं, पत्रात उद्धृत केल्यावर तो नमला. भावनेने जे झालं नाही ते कलमाने झालं.

टाळेबंदी आणि ७-क

साडेपाच आठवडे केंद्रं चालली. मग २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी झाली. आश्रमशाळा आधीच रिकाम्या होत होत्या, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्दच झाला. देणगीदाराकडून ईमेल आली : सर्व उपक्रम स्थगित, सुधारित आराखडा पाठवा, तोवर मानधनाशिवाय खर्च करू नये. जगभरच्या प्रकल्पांना गेलेली एकच ईमेल. तिच्यात गैर काही नव्हतं. पण एप्रिल ते जून हेच आमच्याकडचे जोखमीचे महिने. मुलं गावात, शाळा बंद, रात्री मोकळ्या, आणि तेंदूच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागेवर, आजूबाजूच्या दहा गावांची माणसं. दिवाळीत केंद्र बंद राहिलं असतं तर एवढं बिघडलं नसतं.

त्या मुलीला मी ७-क म्हणतो, कारण वहीत ती तशीच आहे. सोळा वर्षांची. गणित आणि इंग्रजीत राहिलेली. अक्षर मोत्यासारखं, म्हणून केंद्राचा हजेरीपट तिच्याकडे. केंद्र बंद झालं तशी ती मे महिन्यात फळीवर मुन्शीच्या हाताखाली पुडे मोजायला बसली. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची गोणी. कोणाचे किती, ती लिहायची. लिहिता येणारी मुलगी फळीवर आहे हे कळायला वेळ लागला नाही. जूनच्या मध्यावर ती दिसेनाशी झाली. आई म्हणाली, “मामाच्या गावाले गेली.” अशा उत्तरावर गावात कोणी दुसरा प्रश्न विचारत नाही. आम्हीही विचारला नाही.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती रात्री घरी आली. केस कापलेले, अंगात ताप, पायांवर जखमा. तिच्या हातात बंदूक कधी दिली नव्हती, तिने पुढे सांगितलं. ती पत्रं उतरवून काढायची, औषधांच्या याद्या लिहायची, नाचगाण्याच्या पथकात उभी राहायची. अक्षर चांगलं होतं ना.

इथे प्रकरणातला सगळ्यात कठीण निर्णय आला. गप्प राहायचं, म्हणजे ती पुन्हा नेली जाणार किंवा कोणीतरी पोलिसांना सांगणार. पोलिसांकडे जाऊन आत्मसमर्पण योजनेतून आणायचं, म्हणजे सोळाव्या वर्षी तिच्या नावापुढे कायमचं ‘आत्मसमर्पित नक्षली’. किंवा बालकल्याण समितीपुढे न्यायचं, काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक म्हणून. कायदा तिला पीडित मानतो. भारताने २००५ मध्ये मान्य केलेल्या बालहक्क संहितेच्या वैकल्पिक करारातही सशस्त्र गटांनी अठरा वर्षांखालच्या कोणालाही कोणत्याच परिस्थितीत घेऊ नये असं आहे. कागदावर वाट सरळ होती. तरी आम्ही अकरा दिवस थांबलो. मलेरिया निघाला होता, ताप उतरू दे म्हणालो. खरं कारण भीती होती.

अकराव्या दिवशी काळीपिवळी भाड्याने केली. भाडं साडेचार हजार, नेहमीच्या दुप्पट, कारण त्या मार्गाने कोणी यायला तयार नव्हतं. आई, मोठी काकू आणि आमची एक कार्यकर्ती सोबत. समितीने तिला नीट वागवलं, हे नोंदवायला हवं. चौकशीला महिला अधिकारी साध्या कपड्यांत आल्या, आई जवळ बसली होती. आदेश झाला : दुसऱ्या जिल्ह्यातल्या बालगृहात राहून शिक्षण, आईला दर महिन्याला भेट.

आईने दर महिन्याला भेटायला जायचं कशाने? बस दोनदा बदलायची, एक मुक्काम, एका फेरीला हजाराच्या वर. आमच्या खात्यात तेव्हा ‘प्रशिक्षण’ या शीर्षाखाली दोन लाखांवर रक्कम पडून होती, कारण माणसं एकत्र जमवायला बंदी होती. ‘प्रवास, आपत्कालीन’ असं शीर्षच नव्हतं. शीर्ष बदलायची परवानगी मुंबईहून परदेशात गेली आणि सात आठवड्यांनी आली. तोवर पहिल्या गाडीचे पैसे ग्रामसभेने दिले होते. पाटलांनी ठराव लिहायला लावला : ‘विद्यार्थिनीच्या औषधोपचाराकरिता.’ एवढंच. नाव नाही, कारण नाही. आम्ही महिनाभर जे लेखापरीक्षकाला समजावत होतो ते त्यांनी एका ओळीत करून दाखवलं.

हप्ता अडकतो

याच दरम्यान, सप्टेंबर २०२० च्या शेवटी परकीय योगदान नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेला आलेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेला देण्यावर बंदी आली, दुसरी नोंदणीकृत असली तरी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. परकीय निधी घ्यायला दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत खातं उघडणं सक्तीचं झालं. गैरवापर थांबवायला नियम हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण आमच्यासारख्या तालुक्यातल्या संस्थेला परदेशातून थेट पैसे देणार कोण? आम्ही मोठ्या संस्थेच्या आडोशानेच उभे होतो. दुसरा हप्ता मुंबईच्या खात्यात आला आणि तिथेच राहिला. त्यांनी तो त्यांच्या परीने मुलांवरच खर्च केला, दुसऱ्या राज्यात.

जुलैची पुरवणी परीक्षा त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात झाली. नऊ मुलं बसवली, चार पास झाली. मानधन बंद झालं होतं, तरी सहा केंद्रांवर पोरं शिकवत राहिली. त्याचा अभिमान वाटावा की लाज, हे माझं अजून ठरलेलं नाही. ज्यांच्या जिवाला सगळ्यात जास्त धोका, त्यांच्याकडून आम्ही फुकट काम करून घेतलं. अंदाजपत्रकात त्यांचा विमा नव्हता. मोटारसायकलीचा होता.

ग्रामसभेचा पैसा

साडेचार हजारांच्या त्या ठरावाने डोळे उघडले. २०२१ च्या जानेवारीपासून आम्ही एकेका ग्रामसभेत बसायला लागलो. मागणी अशी : तेंदूच्या रॉयल्टीतून गोणीमागे शंभर रुपये अभ्यासघरासाठी बाजूला काढायचे. वाटलं त्यापेक्षा अवघड गेलं. तेंदूच्या पैशावर कंत्राटदाराचा डोळा असतो, आतल्यांचा असतो, आणि घरोघरी तर तो वर्षाचा रोख पैसा. धान घरात खायला, तेंदू बाजारात जायला. एका गावात बायकांच्या बाजूने प्रश्न आला :

“पैसे आमचे लागन, त मंग शिकवनारा पोरगा आमी ठरवू. अन् पोरगी कोनत्या गावाले शिकाले जाईन, हेबी आमीच सांगू.”

आम्ही निवडलेला कार्यकर्ता त्यांनी बदलला. नवा बारावी झालेला, आमच्या निकषात न बसणारा, पण त्याची सासुरवाड दोन गावं पलीकडे आणि सगळीकडे ऊठबस. त्याला कोणी बोलावून तीन तास बसवलं नाही. पैसा कोणाचा हा प्रश्नच उरला नव्हता.

अकरापैकी सात गावांनी ठराव केला. दोघांनी नाही म्हटलं, दोन गावांत लिलावच फसला. एका गावाने पुढच्या वर्षी माघार घेतली, पैसे देवळाच्या मंडपाला गेले. रकमा परदेशी निधीच्या पाव हिश्श्याएवढ्याही नव्हत्या. पण त्या मे अखेरीस हातात येत होत्या, निकालाच्या आधी.

निष्पत्ती

२०२१ मध्ये दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत गुणांवर निकाल लागला, ९९.९५ टक्के. आमच्या गावांत कोणीच नापास नाही. गुणपत्रिका हातात आणि सलग परिच्छेद वाचता येत नाही, अशी मुलं अकरावीच्या प्रवेशासाठी साठ किलोमीटरवर जाऊन परत आली. नापास हा आमचा निकष तिथे कोलमडला. मग अभ्यासघरं अकरावीच्या पहिल्या वर्षाची सोबत करू लागली : वसतिगृहाचा अर्ज, बसचा पास, पहिल्या तीन महिन्यांत दोनदा जाऊन भेटणं. तीन गावांत हे नीट जमलं, इतरत्र कसंबसं.

२०२२ मध्ये मिशन वात्सल्य आल्यावर प्रायोजकत्वाची रक्कम महिना चार हजार झाली. आमच्या दोन मुलांना ती मिळवून देता आली, कागद जमवायला चौदा महिने लागले. ७-क दहावी झाली, पुढे नर्सिंगच्या एका अभ्यासक्रमाला गेली. ती गावी फारशी येत नाही. आली तरी मुक्काम करत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

पैसे मागताना हिशोबाचं वर्ष धरणार नाही, उन्हाळा धरीन. पहिला हप्ता १ एप्रिलला हातात नसेल तर प्रकल्प पुढच्या वर्षी सुरू करीन. अर्धवट उघडून ऐन मे महिन्यात बंद केलेलं केंद्र हे न उघडलेल्या केंद्रापेक्षा वाईट. आम्ही मुलांना संध्याकाळी एका जागी बसायची सवय लावली आणि ती जागा काढून घेतली. ७-क च्या बाबतीत हे मला सुटत नाही.

अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा बिनशीर्षाचा मागीन. मिळणार नाही म्हणतील; तेव्हा सात आठवड्यांची गोष्ट सांगीन. स्थानिक कार्यकर्त्यांचा विमा आणि वर्षातून दोनदा गाव सोडून राहण्याचा खर्च, २८ जुलैचा आणि २ डिसेंबरचा आठवडा, म्हणजे नक्षलवाद्यांचे सप्ताह, धरून, पहिल्या पानावर लिहीन. त्या दोन आठवड्यांत बस बंद असायच्या आणि बोलावणी जास्त यायची, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. अंदाजपत्रक करणाऱ्या मला ते लिहावंसं वाटलं नव्हतं.

अकरा दिवस थांबणार नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या माणसांशी ओळख आधीपासून ठेवीन, म्हणजे पहिला फोन संकटात करावा लागणार नाही. पोलिसांची मदत नाकारायची तर कारण समोर बसून सांगीन.

यादीबाबत मात्र काहीच बदलणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्येष्ठ माओवादी नेता भूपती ऊर्फ मल्लोजुला वेणुगोपाल राव याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्यानंतर काही आठवड्यांनी एका देणगीदार संस्थेतल्या जुन्या ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. तुमचा जिल्हा आता नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत राहणार नाही बहुतेक, म्हणाले, अभिनंदन. मी आभार मानले. सात गावांपैकी पाच गावांत अभ्यासघर अजून चालतं. गेल्या हंगामात पानाला भाव नव्हता, तेव्हा एका ग्रामसभेने गोणीमागचे शंभर पन्नासवर आणले आणि शिकवणाऱ्या पोराला उरलेलं मानधन धानात द्यायचं ठरवलं. किती पायल्या, यावर दुसरी बैठक बोलावली आहे.